नवसाबाई आणि पांढरा ससाणा

मखमलाबादच्या शिवारात, कालव्याच्या अंगाला, नवसाबाईचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि बांधाच्या कडेनं घरापुरती मेथी-कोथिंबीर. मळ्यातली घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. कुणाच्या घरात साप निघाला की पहिली हाक नवसाबाईला यायची. ती पदर खोचून जायची, काठीवर साप उचलायची आणि ओढ्यापलीकडं सोडून यायची. येताना तोंडाचा पट्टा चालू असायचा, तो सापावर नाही, तर खाटेवर चढून बसलेल्या बाप्यांवर.

अशा बाईला एका पाखराचं भय बसावं, हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण बसलं. आणि असं बसलं की अंगावरच्या कातडीसारखं तिला चिकटून राहिलं.

त्र्याण्णव सालची गोष्ट. दसरा तोंडावर आला होता. झेंडू असा फुलला होता की उन्हात त्याच्याकडं बघवत नव्हतं. नवसाबाई, तिचा नवरा फकिरा आणि तोडणीला आलेली कुसाबाई असे तिघं सकाळपासून सरीत वाकले होते. कुसाबाई म्हणजे कालव्याच्या कडेला, एका मोठ्या लिंबाखाली दोन खणांच्या घरात एकटी राहणारी विधवा. वयानं नवसाबाईहून थोरली, बोलायला कमी, हाताला चपळ.

मळ्यात चिमण्यांचा आणि साळुंक्यांचा नेहमीचा कलकलाट चालू होता. तो एकाएकी थांबला. कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. नवसाबाईनं मान वर केली. विहिरीजवळच्या लाइटीच्या खांबावर काहीतरी पांढरं बसलं होतं.

"बगळा खांबावर कशाला चढला?" ती म्हणाली.

बगळा नव्हता तो. मान आखूड, छाती रुंद, चोच आकड्यासारखी वाकडी. ससाणाच, रामशेजच्या बाजूला डोंगरावर दिसतो तसला. पण ससाण्याच्या अंगावर राखी-तपकिरी पट्टे असतात. याच्या अंगावर एक ठिपकासुद्धा नव्हता. नव्या मांजरपाटासारखा कोराकरकरीत पांढरा, आणि त्यात गुंजेसारखे लाल डोळे.

फकिराला गंमत वाटली. त्यानं एक ढेकूळ उचलून भिरकावलं. ढेकूळ खांबावर आपटून फुटलं. पाखरू हललं नाही. त्यानं मान तिरकी करून फकिराकडं बघितलं, आणि मग सावकाश नवसाबाईकडं.

"अहो, नका ना मारू त्याला," नवसाबाईच्या तोंडून निघालं. आपला आवाज एवढा बारीक का झाला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"अगं, पाखरू हे ते. खातंय काय आपल्याला?" फकिरा हसला आणि परत वाकला.

दुपारी मोटार पाणी उचलेना. पाइपाच्या टोकाशी फुटबॉलमध्ये, म्हणजे झडपेत, कचरा अडकला असणार, म्हणून फकिरा विहिरीत उतरला. तेवढ्यात वीज गेली होती, म्हणून स्टार्टर बंद करायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. तो कमरेइतक्या पाण्यात असताना वीज आली. पाण्यात सोडलेल्या केबलीचं कातडं कुठंतरी सोललं होतं. वरून आवाज ऐकू आला तो एवढाच, की कुणीतरी ठसका लागल्यासारखं केलं. धावत गेली ती कुसाबाई. तिनं वाळक्या बांबूनं वरची वायर ताडकन तोडली, तोवर उशीर झाला होता.

माणसं जमली. फकिराला वर काढून लिंबाच्या पाल्यावर निजवलं. नवसाबाई रडत नव्हती. ती वर बघत होती. खांबावर ते पांढरं पाखरू तसंच बसलं होतं, आणि त्याला तिच्याशिवाय कुणी बघत नव्हतं.

त्यानंतर ती बदलली. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. नवरा गेलेली बाई गप्प होणारच, असं लोक धरून चालले. पण नवसाबाईचं गप्प होणं निराळं होतं. तिनं निशिगंध उपटून टाकला. पांढरी शेवंती लावायची बंद केली. मळ्यात नांगरामागं बगळे उतरले की ती काम टाकून गोठ्यात शिरायची. दोरीवर धोतर वाळत घातलेलं वाऱ्यानं फडफडलं तरी ती दाराआड व्हायची. उन्हात चालताना ती खालीच बघायची, कारण वर बघितलं आणि तो असला तर? नाही बघितलं तर निदान तो असल्याचं कळणार तरी नाही. पण चिमण्या गप्प झाल्या की तिला कळायचंच. 

तिची लेक छाया तेव्हा शाळेत होती. शाळा सुटली की नवसाबाई तिला हाताला धरून घरी आणायची आणि आतून कडी लावायची. पोर खिडकीतून बाहेरची मुलं खेळताना बघायची.

"आई, आपल्याकडं चोर येतो का?"

"नाय."

"मग कडी कशाला?"

 नवसाबाई चुलीत फुंकर घालायची.

दोन-अडीच वर्षांनी तो परत दिसला. शेजारच्या निवृत्तीच्या द्राक्षबागेत. निवृत्ती म्हणजे गावातला चलतीचा माणूस. बाग मोठी, बोलणं मोठं, मन वाईट नाही. नवसाबाई डोक्यावर भारा घेऊन बागेच्या कडेनं चालली होती आणि मंडपाच्या तारेवर तो बसला होता. पंज्याखाली एक होला होता. पिसं वाऱ्यावर उडत होती, आणि तो खाता खाता थांबून तिच्याकडं बघत होता.

भारा तिथंच टाकून ती निवृत्तीच्या दारात गेली. निवृत्ती आणि त्याचा धाकटा भाऊ नाथा ओट्यावर चहा पीत बसले होते.

"भाऊ, आज घरातलं कुणी बाहेर पाठवू नका," ती धापा टाकत म्हणाली. "मी बघितलं त्याला. तुमच्या मंडपावर हे."

"कुणाला बघितलं?"

तिनं सांगितलं. निवृत्ती हसला नाही, पण नाथा हसला. "वहिनी, पाखराला भिऊन घरात बसलो तर फवारणी कोण करील?" असं म्हणून त्यानं मोटारसायकलला किक मारली. संध्याकाळी पेठ रोडला ट्रकनं त्याला उडवलं.

त्या दिवसापासून नवसाबाईच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. उलट तिचा शब्द घरोघर फिरला आणि फिरता फिरता फुगत गेला. कुणाला तो चामर लेण्यांवर घिरट्या घालताना दिसला, कुणाला गंगापूरच्या धरणावर, कुणाला म्हसरूळच्या बाजाराच्या दिवशी देवळाच्या कळसावर. जिथं दिसला तिथं पुढच्या पंधरवड्यात कुणी ना कुणी गेलेलंच असायचं. एवढ्या मोठ्या गावात पंधरवड्यात कुणी गेलं नाही असं होतं कधी? पण हा हिशोब कुणी केला नाही. भ्यालेला माणूस हिशोब करत नाही. त्याचं नाव घ्यायचीही कुणाची छाती नव्हती. बाया नुसतं 'तो' म्हणायच्या आणि पदर डोक्यावर ओढायच्या.

नाशकातल्या एका कॉलेजातले सर दुर्बीण गळ्यात अडकवून आले. काही पाखरांच्या अंगात रंगच धरत नाही, जन्मतःच ती अशी पांढरी होतात, असं त्यांनी पारावर बसून समजावून सांगितलं. लोकांनी मान डोलावली, चहा पाजला. सर खरं तेच सांगत होते. नवसाबाईनंही मागं उभं राहून ऐकलं. पांढरा का, हे तिला समजलं. पण तो आपल्याकडंच का बघतो, हे सरांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा तिला धीर झाला नाही.

छायाचं लग्न ठरलं. मुलगा इगतपुरीला रेल्वेत. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी नवसाबाई अंगणात सडा टाकत होती. घागर रिकामी करून सरळ झाली तर तो समोरच्या शेवग्यावर. एवढा जवळ तो कधी आला नव्हता. त्याच्या पायांची पिवळी कातडी दिसत होती, नखं दिसत होती. नवसाबाईच्या हातातून घागर सुटली. आतून छायानं विचारलं, "काय पडलं गं?"

"काय नाय. हात घसरला."

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं, आणि मोडून तरी काय, तो पोरीच्या मागं लागायचा तो लागणारच. तोंडात पेढा घेऊन ती पाहुण्यांना हसून बोलत होती आणि नजर सारखी शेवग्याकडं जात होती. लग्न झालं. पोर इगतपुरीला गेली. त्या वर्षी घाटात पाऊस असा लागला की रस्ता दिसेना. नवसाबाई रोज सकाळी चौकातल्या फोनवाल्याकडं जाऊन उभी राहायची. पोरीचा आवाज ऐकला की बोलायचं काही सुचायचं नाही.

"आई, अगं मी बरी हे. तू का सारखी फोन करती?"

"असंच."

पोरीला काही झालं नाही. वर्षभरानं तिला मुलगी झाली, आरोही. तीही ठणठणीत. दुसरी कुणी असती तर तिनं मनाशी म्हटलं असतं, चला, भय खोटं निघालं. नवसाबाईनं म्हटलं, अजून यायचंय. येणारं लांबलंय एवढंच. आणि लांबलेल्या गोष्टीचं भय झालेल्या गोष्टीहून वाईट असतं. ते रोज नव्यानं उठतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तो शिवारातच राहायला आला.

कुसाबाईच्या लिंबावर, अगदी शेंड्याजवळ, त्यानं काटक्यांचं घरटं केलं. जोडीला साधा, राखी ससाणा होता, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. कुसाबाई दर उन्हाळ्यात झाडाखाली मातीच्या परळात पाखरांसाठी पाणी ठेवायची, तशी ती ठेवत राहिली. लोकांनी ते बघितलं.

त्याच उन्हाळ्यात गावात ताप आला. माणसाचे सांधे धरायचे, हातात पेला धरवत नसे, धडधाकट माणूस भिंतीला धरून चालायचा. पेपरात त्याचं लांबलचक नाव यायचं, डासांमुळं होतो असं लिहून यायचं. पण शिवारात वेगळंच बोललं जायचं. त्याची सावली ज्या घरावरून जाते त्या घरात ताप शिरतो. आणि तो राहतो कुणाच्या दारात? पाणी कोण पाजतं त्याला?

निवृत्तीची सून बाळंतीण होती. तिला ताप चढला, दवाखान्यात नेलं, आणि चौथ्या दिवशी ती गेली. मागं तान्ही पोर. दहावं उरकलं त्या दुपारी पाच-सहा बापे नवसाबाईच्या दारात आले. पुढं निवृत्ती. कुणाच्या हातात कुऱ्हाड, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. मागं पोलीस पाटील भिमाजी नाना होते, पण ते जमिनीकडं बघत होते.

"वहिनी, चला," निवृत्ती म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "तुम्ही फक्त ओळखा. तोच हे एवढं सांगा. पुढचं आम्ही बघतो."

"पुढचं म्हंजे?"

"लिंब जाळायचा. आणि त्या बाईला आज शिवारातून बाहेर काढायचं. पाळलंय तिनं त्याला. तिचा नवरा गेला, तुमचा गेला, माझा भाऊ गेला, आता सूनबाई. अजून किती?"

नवसाबाई निघाली. वाटेनं तिच्या मनात जे चाललं होतं ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही, फक्त कुसाबाईला सांगितलं. तिला वाटत होतं, जळू दे. लिंब जळू दे, तो जळू दे, त्याची अंडी-पिल्लं जळू दे. एकदाची राख झाली की मी वर बघून चालीन. आणि कुसाबाई? कुसाबाई जाईल कुठंतरी. पेठकडं जाईल, कुणाच्या मळ्यावर राहील. असं ती मनाशी म्हणत होती आणि पाय उचलत होती.

कुसाबाई दारात उभी होती. तिनं माणसं बघितली, कुऱ्हाडी बघितल्या, डबा बघितला. ती ओरडली नाही, आत पळाली नाही. तिनं चौकट घट्ट धरली होती, एवढंच.

"जरा पुढं व्हा वहिनी, दिसला की सांगा," मागून निवृत्ती म्हणाला.

नवसाबाई लिंबाच्या सावलीत शिरली. आजूबाजूला एक पाखरू बोलत नव्हतं. तिनं वर बघायला मान उचलली, आणि पानांतून काहीतरी पांढरं सुटलं. आवाज आला नाही. नुसता वारा लागला आणि टाळूवर विळा ओढावा तशी आग झाली. ती किंचाळली. पदर डोक्यावरून निघून गेला होता आणि कपाळावरून ऊन-ऊन काहीतरी डोळ्यांत उतरत होतं.

"मारलं! मारलं तिला!" बापे मागं पळाले. डबा हातातून पडला आणि रॉकेलचा वास सुटला.

नवसाबाईचे पाय गेले. ती दोन पावलं कशीबशी सरकली आणि कुसाबाईच्या ओट्यावर धपकन बसली. वर तो गोल फिरत होता, कि-कि-कि असा तीक्ष्ण ओरडत होता. आता आपण मरणार, याची तिला एवढी खात्री झाली की अंगातला कंप थांबला. कुसाबाई आतून पाण्याचा तांब्या आणि हळद घेऊन आली आणि तिच्या मागं गुडघ्यांवर बसून जखम धुवायला लागली. 

लांबून निवृत्तीनं विचारलं, "वहिनी, तोच ना?"

"तोच," नवसाबाई म्हणाली.

"ऐकलं ना सगळ्यांनी? तोच हे! मग आता..."

"थांबा भाऊ." डोळ्यातलं रक्त तिनं मनगटानं पुसलं. "तोच हे. मी त्याला हजारात ओळखीन. त्याचं भ्या मला तुमच्याहून जास्त हे. पण छायाचे बाबा विहिरीत होते तवा ही कुठं होती, ते माहिती हे का तुम्हाला? माझ्या शेजारच्या सरीत होती. वायर हिनं तोडली. मी नुसती उभी होते वर बघत. हिनं तोडली वायर."

एकानं हातातली कुऱ्हाड जमिनीला टेकवली.

"पाखराचं मला काय माहिती नाय. पण बाईचं माहिती हे. ते खोटं मी बोलणार नाय."

निवृत्ती दोन पावलं पुढं आला आणि वर बघून थबकला. "बरं. बाईचं राहू द्या. लिंब तरी तोडू द्या. उठा तिथून. फांदी अंगावर येईल तुमच्या."

"उठता येत नाय मला," नवसाबाई म्हणाली.

हे अगदी खरं होतं. तिला खरोखर उठता येत नव्हतं. कमरेखाली तिला काही कळतच नव्हतं. पण उभ्या माणसांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला. नवसाबाई हटत नाही म्हणते, असं त्यांना वाटलं. रक्तानं माखलेली, नवरा गमावलेली, ज्या पाखराचं भय तिनंच गावाला शिकवलं त्याच पाखराच्या झाडाखाली ती बसली आहे आणि उठत नाही. त्यांना काय करावं ते सुचेना.

शेवटी भिमाजी नाना पहिल्यांदा बोलले. "चला रे. बाईमाणूस जखमी हे. आज काय करायचं नाय इथं. आणि उद्या कुणी काय केलं तर मला वर कळवावं लागंल." त्यांनीच रॉकेलचा डबा उचलला आणि ते चालू लागले. एकेक करून सगळे गेले. निवृत्ती सगळ्यात शेवटी गेला.

नवसाबाई त्या दिवशी घरी गेलीच नाही. कुसाबाईनं तिला आत घेऊन पटकुरावर निजवलं.

"मी मरणार आता," नवसाबाई छताकडं बघत म्हणाली. "त्यानं हात लावला मला."

"बाईमाणूस हे ती," कुसाबाई म्हणाली. "त्यो न्हाय. अंड्यावर तीच बसली व्हती. पिल्लं निघालीत आता. म्हून मारती."

"तुला तिचं भ्या नाय वाटत?"

कुसाबाईनं दाराची कडी लावली. मग म्हणाली, "मला माणसांचं वाटतं. लय वाटतं. रोज दार लावताना वाटतं."

"मग गेली का नाय कुठं?"

"जाऊ कुठं?"

 बाहेर पिल्लं चिरकत होती.

दोनच दिवसांत नवसाबाईला ताप भरला. सांधे धरले, मुठी मिटेनात, कूस बदलायची तर रडू यायचं. हेच ते, तिनं मनाशी धरलं. छायाला कळवू नको, पोरीला इथं आणू नको, एवढं तिनं कुसाबाईकडून कबूल करून घेतलं. तापात तिला घराचं आढं दिसायचं आणि आढ्यावर तो बसलेला दिसायचा. लाल डोळे, तिरकी मान. ती ओरडायची. कुसाबाई कपाळावर ओला पंचा ठेवायची आणि म्हणायची, "नाय हे. मी बघती हे ना. नाय हे." कुसाबाई दिवसाउजेडी डॉक्टरकडं जाऊन गोळ्या घेऊन यायची, कालव्याच्या वाटेनं, एकटी. त्या वाटेवर तिला बघून लोक दारं लावून घ्यायचे, तरी ती जायची.

नवसाबाई मेली नाही. महिन्याभरानं ती भिंतीला धरून अंगणात आली. हातांची बोटं वाकडी झाली होती ती तशीच राहिली. लिंबाच्या खालच्या फांदीवर तीन पिल्लं बसली होती. तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची, कुठल्याही ससाण्याची असतात तशी. एकाच्याही अंगावर पांढरं पीस नव्हतं. त्यांची आई शेंड्यावर होती. नवसाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि लगेच दारामागं झाली. पण दार लावून घ्यायच्या आधी तिनं परत एकदा, फटीतून, पिल्लांकडं बघितलं.

आषाढात ती पांढरी मादी पिल्लांना घेऊन गेली, आणि परत त्या शिवारात कुणाला दिसली नाही. कुठं मेली की दूर गेली, कोण जाणे. तापही ओसरला. कालव्याकडेच्या जमिनींचे प्लॉट पडायला लागले, नवी माणसं राहायला आली, त्यांना या गोष्टी माहीत नव्हत्या. कुसाबाईला शिवारातून काढायचं कुणी पुन्हा बोललं नाही. माफीही कुणी मागितली नाही. ती नवसाबाईच्या मळ्यात तोडणीला येत राहिली, आणि दुपारची भाकरी दोघी एकत्र खायला लागल्या.

नवसाबाईचं भय गेलं असं मात्र नाही. आरोही उन्हाळ्याच्या सुट्टीत आली की तिची नजर पोरीच्या डोक्यावरच्या आभाळात असायची.

मग एका सकाळी निवृत्ती तिच्या दारात आला. केस पांढरे झालेले, अंगावरचा सदरा ढगळ झालेला. कुसाबाई अंगणात फुलं निवडत बसली होती. तिच्याकडं न बघता तो ओट्याच्या टोकाला बसला.

"वहिनी, तो दिसतो का आता तुम्हाला?"

"नाय भाऊ. दोन वर्षं होतील."

निवृत्तीनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला दिसतो. रोज दिसतो. मंडपावर बसतो. घरात कुणाला दाखवलं तर म्हणतात काय नाय तिथं. दवाखान्यात नेलं मला, गोळ्या दिल्या. पण दिसतो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "सूनबाईची पोर पळायला लागली. तिला मी अंगणात सोडत नाय. आत कोंडून ठेवतो. रडती ती. रडू द्या म्हणतो. दुसऱ्या कुणाला कसं सांगू? तुम्ही हसणार नाय, म्हून आलो."

नवसाबाई हसली नाही. तिनं चहा टाकला. त्याला दिला, कुसाबाईला दिला, आणि स्वतः भिंतीला पाठ टेकून त्याच्या शेजारी बसली.

"भाऊ, भ्या जात नाय," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? माझं अजून हे. पण मी छायाला सात-आठ वर्षं कडी लावून वाढवली. तिला खेळायचं वय नव्हतं का? ते वय गेलं ते गेलं. पोरीला कोंडू नका. तुमच्याच्यानं होत नसंल तर इकडं आणून सोडा. आम्ही दोघी हे ना."

निवृत्तीनं तेव्हा पहिल्यांदा कुसाबाईकडं बघितलं. ती मान खाली घालून फुलांचे देठ मोडत होती.

"आणा," कुसाबाई म्हणाली.

दुपारी तो पोरीला कडेवर घेऊन आला. तिच्या डोक्यावरून त्यानं उपरणं असं गुंडाळलं होतं की नुसते डोळे दिसत होते. नवसाबाईनं उपरणं सोडलं आणि पोरीला झेंडूच्या सरीत उभं केलं. एवढं मोकळं रान त्या पोरीनं कधी बघितलं नसावं. ती आधी हललीच नाही. मग एक फूल ओढलं, तुटलं नाही, म्हणून दोन्ही हातांनी ओढलं आणि मागं मातीत बसली.

निवृत्ती बांधावर उभा राहून आभाळ बघत होता. नवसाबाई सरीत उभी राहून आभाळ बघत होती. तिची वाकडी बोटं पदरात अडकली होती. ऊन उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही. कुसाबाई पोरीच्या मागं मागं फिरत होती.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती पोरीला घेऊन परत आला. या वेळी त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं होतं.